भावाच्या नावाचा रोट

माझ्या आईला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. ज्यांना रोट चालतो ती आणि ज्यांना चालत नाही ती. बाकी शिक्षण, नोकरी, गाडी, बंगला यांनी तिच्या लेखी काही फरक पडत नाही. आमच्या गावात एकदा मोठा साहेब कानबाईच्या दर्शनाला आला. आईने त्याला चहा पाजला, गूळ-शेंगदाणे दिले, देवीचं दर्शन घडवलं, पण रोटाच्या डब्यावरचं झाकण काही उघडलं नाही. साहेबाला वाईट वाटेल म्हणून वडील खाणाखुणा करत होते. आई भिंतीकडे बघत बसली.

खानदेशाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिला सजवायचं, चौरंगावर बसवायचं, रात्री गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, ते वेगळे दळून आणतात आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या करतात. तेच रोट. सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. कुळाकुळात रीत थोडी बदलते, पण आमच्याकडे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, ते उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरले तर चालत नाही, टाकले तर मुळीच चालत नाही.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेवरून आत वळलं की लागतं. कानबाईच्या आठवड्यात आई आम्हा भावंडांना जीव नकोसा करायची. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, फडताळातले कधी न वापरलेले डबे, सगळं घासायचं आणि धुवायचं. मी कुरकुर करायची, भाऊ पळून जायचा. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, दिसायला गरीब, आतून पक्का. चक्कीवर मात्र त्याला मीच न्यायची. चक्कीवाला आधी सगळी चक्की झाडून काढायचा, मग गावातल्या घराघराचे रोटाचे गहू दळायचा. त्या पिठाचा कोमट वास आजही कुठे आला, की मला माझे अनवाणी पाय दिसतात.

गहू काढायची आमची रीत अशी, की ज्याच्या नावाची मूठ, त्यानेच भरायची. आजोबा भरायचे, वडील भरायचे, चुलते भरायचे आणि शेवटी भाऊ. त्याच्या मुठीत चिमणीला पुरतील एवढेच दाणे यायचे. माझी मूठ त्याच्या दुप्पट होती, पण माझ्या नावाची मूठच नव्हती. मी आईला विचारलं, तर म्हणाली, पोरींचं नाव तिकडे काढतात. तिकडे म्हणजे कुठे, ते तिने सांगितलं नाही. भावाला काय वाटलं कोण जाणे, तो मला म्हणाला, "अक्का, मन्ही मूठ लहान शे. वरनी पाव तू टाक." तेव्हापासून त्याच्या सव्वा मुठीतली एक मूठ तो भरायचा आणि वरची पाव मी भरायची. आई बघायची आणि गहू फडक्यात बांधायची. माझ्या लग्नापर्यंत हे असंच चाललं.

रोटाची खरी मजा शिळ्या रोटात. ताजा रोट काय कोणीही खाईल. मंगळवारी, बुधवारी तो वाळून कडक व्हायचा, मग वाटीत कुस्करून दूध ओतायचं. भावाचं स्टीलचं ताट होतं, त्याच्या बारशाला मामाने दिलेलं, काठावर त्याचं नाव कोरलेलं. त्या ताटाला दुसऱ्याने हात लावला की तो घर डोक्यावर घ्यायचा. पण रोट खाताना ते ताट आमच्या दोघांच्या मध्ये असायचं. आम्ही माडीवर, वरच्या खिडकीतून सोनगीरचा किल्ला बघत दूध-रोट खायचो आणि शेवटचा घास कोणाचा यावरून भांडायचो. सुख यापेक्षा फार मोठं असतं असं मला अजून तरी कळलेलं नाही.

लग्न होऊन मी जळगावला गेले. सासरी कानबाई बसत नाही. पहिल्याच श्रावणात हौसेने माहेरी आले, पानावर बसले आणि सवयीने रोटाला हात घातला. आईने माझा हात धरून बाजूला केला. "तू आते दुसराना घरनी व्हयनी," ती म्हणाली. "तुले रोट चालस नही." माझ्यासाठी तिने साध्या पिठाची पुरणपोळी वेगळी केली होती. तीही तुपाने निथळत होती, रोटापेक्षा मऊच होती. मी ती तशीच ठेवली. ताटावरून उठले आणि संध्याकाळच्या एसटीने जळगावला परत गेले. नवऱ्याने दार उघडलं आणि माझं तोंड पाहून काही न विचारता भाताचा कुकर लावला. माणूस शहाणा आहे.

पुढची सगळी वर्षं मी कानबाईला गेले की साधी पोळी खायची आणि आईला टोमणे मारायची. म्हणजे माहेरचा रोट नाही, सासरी रोटच नाही, मी मधल्या मधे. आईवर काही परिणाम व्हायचा नाही. भाऊ मात्र मान खाली घालून जेवायचा.

जळगावात मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवायला लागले. बारावीला रोगप्रतिकारशक्तीचा धडा असतो आणि त्यात टी पेशी. पुस्तकात लिहिलंय, की टी पेशी प्रतिजन ओळखतात. मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. म्हणून मी ताटाचं उदाहरण द्यायची. म्हणायची, टी पेशीला अख्खा जंतू दिसतच नाही. आपल्या शरीरातली पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि आपल्या पृष्ठभागावरच्या एका खास रेणूवर ठेवून बाहेर दाखवते. तो रेणू म्हणजे ताट, तुकडा म्हणजे घास. टी पेशी दारोदार फिरते आणि दोन्ही एकत्र बघते. ताट घरचं आहे ना? आणि त्यात वाढलेला घास घरचा की बाहेरचा? घरच्या ताटात बाहेरचा घास दिसला, तर आत जंतू शिरलाय हे तिला कळतं आणि ती त्या पेशीला मारते. नुसता घास दाखवा, तिला समजणार नाही. ताटाशिवाय तिला काही वाचता येत नाही.

मग मुलं हमखास विचारायची, घरचं ताट कोणतं हे तिला शिकवतं कोण? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, मी सांगायची, तिथे या पेशींची शाळा भरते. परीक्षा दोन. ज्यांना घरचं ताट ओळखता येत नाही त्या नापास. ज्यांना घरच्या ताटातल्या घरच्याच घासावर राग येतो त्याही नापास. आणि नापास म्हणजे वरच्या वर्गात ढकलणं नाही, तिथेच मरण. बहुतेक सगळ्या मरतात. वर्गात हे सांगताना मला नेहमी आईचं स्वयंपाकघर आठवायचं आणि हसू यायचं. मुलांना वाटायचं, बाई मरणावर हसतात.

भावाचं मूत्रपिंड गेल्याचं कळलं तेव्हा हसू पळालं. तो नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला होता. रोज मोटरसायकलने जायचा, वेळेवर जेवायचा नाही आणि ब्लडप्रेशरची गोळी आठवली तर घ्यायचा. पायावर सूज आली, तोंड सुजलं, धुळ्याला दाखवलं, तोवर दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. डायलिसिस सुरू झालं. मी सुट्टी काढून गेले की तो खाटेवर पडून म्हणायचा, "अक्का, हाई मशीन धुनं धुवानं मशीनसारखं शे, मन्हं रंगत धोई टाकस." रंगत म्हणजे रक्त. विनोद करायचा, पण दंड काडीसारखे झाले होते. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंड बदललं तर जगेल, डायलिसिसवर फार काळ काढता यायचा नाही. हे मला मात्र कोणी कळवलं नाही.

वडील तेव्हा नव्हते. आईने सूत्रं हातात घेतली. तिने भाऊबंदांना अंगणात बोलावलं. सगळे चुलते, चुलतभाऊ, पुतणे, जे जे कानबाईला एका पंगतीला बसतात ते बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे आले. रोट ज्याला चालतो त्याचंच मूत्रपिंड चालणार, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं, की तिला ते बोलूनही दाखवावं लागलं नाही. त्यातले काही जण रक्तगट तपासून आले. बिचारे भले लोक. एका चुलतभावाने तर जोडीने देवीला नवसही केला. आईने त्यांना घेऊन नाशिक गाठलं आणि डॉक्टरांपुढे ओळीने उभं केलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, चुलत नको, सख्खं कोणी बघा. तुम्हाला साखर आहे, तुमचं घेता येणार नाही. त्यांच्या पत्नीचा रक्तगट वेगळा आहे. सख्खा भाऊ, बहीण कोणी नाही का?"

आई म्हणाली, "एक आंडेर शे, पन ती देयेल शे."

डॉक्टर कुठले बाहेरचे. त्यांना वाटलं, मुलीने आधीच कोणाला तरी मूत्रपिंड देऊन टाकलंय. त्यांनी मान हलवली आणि पुढे लिहायला लागले. भावजयीने तेवढ्यात घोळ निस्तरला, की आंडेर म्हणजे मुलगी आणि देयेल म्हणजे लग्न करून दिलेली, तिला दोन्ही मूत्रपिंडं आहेत आणि ती जळगावला शिक्षिका आहे. त्याच संध्याकाळी भावजयीचा मला फोन आला. तिने हसत हसत सांगायला सुरुवात केली आणि शेवटी रडायला लागली.

मी रडले नाही. मला संताप आला. दुसऱ्या दिवशी गावी जाऊन आईपुढे उभी राहिले. भाऊ मरणाच्या दारात आणि गावभर किडनी शोधतेयस, मला विचारायला काय झालं होतं? "माय, मन्ही किडनी काय सासरनी शे?" मी ओरडले. शेजारी दारात आले.

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "देयेल चीज माघारी मांगतस का कोनी? तुले काही व्हई गयं, तं तुन्हा घरना लोकेस्ले मी काय तोंड दाखाडू?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी परकी झाले म्हणून ती मला मोजत नाही. ती मागायला लाजत होती. एकदा दिलेली मुलगी, तिच्यातलं बोटभरही परत मागायचं नाही, हा तिचा कायदा. मी तिच्या सुपातले तांदूळ निवडायला बसले. बराच वेळ दोघी खडे काढत होतो.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "दे. मी कुकर लावीन." आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

तपासण्या झाल्या. भावंडांत ही ताटं तंतोतंत जुळायची शक्यता चारांत एक. आईकडून अर्धा संच, वडिलांकडून अर्धा, आणि दोघांनाही तेच दोन अर्धे मिळायला हवेत. मी हे फळ्यावर इतकी वर्षं लिहिलंय, पण रिपोर्ट हातात येईपर्यंत तेच गणित पुन्हा पुन्हा वहीत मांडत होते. रिपोर्ट आला. सगळं जुळलं होतं, एकूण एक. माझं ताट आणि त्याचं ताट एकच. मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "एक पोटना शेतस, एकच राहतीन ना." मी लगेच पकडलं तिला. मग रोट का चालत नाही मला? आई म्हणाली, देवीचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं. वकील व्हायला हवी होती ती.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. माझ्या कुशीतलं मूत्रपिंड त्याच्या पोटात गेलं आणि टेबलावरच लघवी करायला लागलं, असं डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलं. मी पडल्या पडल्या इतकी खूश झाले, जणू माझ्या मुलाला बक्षीस मिळालंय.

पण ताट एक असलं, तरी घास अगदी एक नसतात. ताटाची जनुकं जुळली, म्हणून बाकीची सगळी जुळत नाहीत. माझ्या शरीरातली काही प्रथिनं त्याच्याहून केसभर वेगळी. तेच केसभर वेगळे तुकडे माझं मूत्रपिंड त्याच ओळखीच्या ताटात ठेवून दाखवत होतं. म्हणून त्याच्या टी पेशींना गप्प ठेवायला जन्मभराच्या गोळ्या. गोळ्या चालू असूनही आषाढात त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन चढायला लागलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं. ताप आला. नाशिकला पुन्हा भरती केलं, मूत्रपिंडाचा कण काढून तपासला. त्यात टी पेशी शिरल्या होत्या. भावाच्या शरीराने मला ओळखलं होतं, आणि परकी म्हणून ओळखलं होतं. डॉक्टरांनी स्टेरॉइडची सलाईन सुरू केली आणि वाट बघायला सांगितलं. उतरलं तर उतरलं, नाही तर मूत्रपिंड जाणार, आणि देणारं दुसरं कोणी नव्हतं. मला शिकवावंसं वाटेना. ताट-घासाचा धडा त्या वर्षी मी सहकारी बाईंना घ्यायला लावला.

तशातच श्रावण आला. भाऊ आणि भावजय नाशिकलाच. गर्दी नको, शिळं तर अजिबात नको, अशी सक्त ताकीद. आईने कानबाई मात्र बसवली. मी गेले नाही, जाववलं नाही. पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा आईचा फोन आला. "पुनवना पहिले ये. काम शे." काय काम, ते सांगितलं नाही.

राखीचा आठवडा, एसटीला ही गर्दी. सगळ्या माहेरवाशिणी पिशव्या घेऊन निघालेल्या. एरंडोलला एक बाई शेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, भावाकडे चालल्या का? मी हो म्हटलं. भाऊ घरी नाही आणि जगतो की नाही कळत नाही, हे तिला काय सांगायचं. धुळ्याला गाडी बदलली. सोनगीरचा किल्ला दिसला आणि मला रडू कोसळलं.

घरात शांतता होती. धुतलेल्या चादरी, घासलेले डबे, कोपऱ्यात हळदीचा वास. आईने मला हातपाय धुवायला लावले आणि पाट मांडला. समोर ताट ठेवलं. भावाचं ताट, काठावर त्याचं नाव. मग तिने रोटाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यातला एकुलता एक रोट ताटात ठेवला. वाळून कडक झालेला.

"हाऊ त्याना नावना रोट शे," आई म्हणाली. "त्यानी मूठ मीच भरी व्हती."

तेव्हा मला समजलं. त्याच्या नावाचा रोट राहिला होता. तो त्याच्याकडे नेता येत नव्हता, त्याला शिळा खाता येत नव्हता. चुलतभावांनी खायची तयारी दाखवली होती, पण आईने कोणाला हात लावू दिला नव्हता. उद्या पौर्णिमा, आणि लेकाच्या नावाचा रोट उरलेला तिला बघवत नव्हता.

मी तरीही म्हणाले, "माले चालस नही ना, माय." इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

आई दुधाचं पातेलं घेऊन माझ्यासमोर बसली. वाटीत दूध ओतताना थोडं सांडलं, ते तिने पदराने पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले देयेल शे, पोर. पन तू बठ्ठी नही गई."

मी रोट मोडला. दुधात कुस्करला. पहिला घास घेतला. चव तीच होती. वरच्या खिडकीत बसून, शेवटच्या घासावरून भांडत खाल्लेली. आता शेवटच्या घासाला भांडायला कोणी नव्हतं. मी तो सावकाश खाल्ला. आई समोरून हलली नाही.

दुपारी भावजयीच्या मोबाइलवरून फोन आला. भावाचाच आवाज, बारीक, पण त्याचाच. आकडे दोन दिवसांपासून उतरतायत, म्हणाला, पक्कं होईपर्यंत डॉक्टरांनी सांगू दिलं नाही. मी विज्ञानाची बाई आहे. रोट खाल्ल्याने क्रिएटिनिन उतरत नाही, हे मला कळतं, आणि उतरायला लागलं तेव्हा मी रोट खाल्लाही नव्हता. तरी मी ताटावरचा हात पुसून काठावरचं नाव चाचपत राहिले.

"माय म्हनस, मन्हा रोट तुले देवाना शे," भाऊ म्हणाला. "खाधा का, अक्का?"

मी फोन आईसमोर धरला. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"खाधा तिनी," आई म्हणाली. "बठ्ठा खाधा."